अब्बू काय करतात?

दरवर्षी जूनमध्ये आठवीचा नवा वर्ग हाती आला की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एक सोपा निबंध देते : ‘माझे वडील’. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी लिहिताना मुले अडखळतात, पण वडिलांविषयी लिहायचे म्हटले की शब्द आपोआप सापडतात. या निबंधाची मांडणीही ठरलेली असते. पहिल्या ओळीत नाव आणि दुसऱ्या ओळीत काम. ‘माझे वडील रिक्षा चालवतात.’ ‘माझे वडील कतारला ड्रायव्हर आहेत.’ ‘माझ्या वडिलांचे मच्छीचे दुकान आहे.’

गेल्या वर्षी एका मुलाने ती दुसरी ओळ कोरी ठेवली होती. वर नाव होते. खाली वडिलांना क्रिकेट आवडते, हेही होते. मधली जागा तेवढी रिकामी. तास संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारले, “हे राहिलं का रे?”

तो खाली बघत म्हणाला, “टीचर, अब्बू सध्या काहीच करत नाहीत. तिकडेच आहेत, पण बसून आहेत.”

नंतर त्याच्या अम्मीकडून सगळे कळले. वडील आखातात वेल्डर. अठरा वर्षे नोकरी केली. कंपनी बंद पडली, कित्येक महिन्यांचा पगार अडकला, इकामा संपला. पगारासाठी केस चालू होती. केस सोडून परत यावे तर हक्काचे पैसे बुडणार आणि कागदाशिवाय दुसरीकडे काम करावे तर गुन्हा. कॅम्पातल्या खोलीत बसून राहायचे आणि कोणी आणून देईल ते खायचे. अम्मी म्हणाली, “पूर्वी फोनवर कामाच्या गोष्टी सांगायचे. आता ‘काय करताय’ विचारलं की गप्प होतात. म्हणून मी विचारणंच सोडलंय.”

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात किंवा शेजारी असा एखादा माणूस असेल. म्हणून आज जो विषय मांडणार आहे तो दूरच्या देशातला असला तरी तुम्हाला परका वाटणार नाही.

युद्धामुळे, जुलमामुळे, जिवाच्या भीतीने माणूस आपला देश सोडतो आणि दुसऱ्या देशात जाऊन म्हणतो, मला इथे आश्रय द्या. त्याचा अर्ज घेतला जातो. त्याचे म्हणणे खरे आहे का, याची चौकशी होते. चौकशीचा निर्णय लागेपर्यंत तो ‘आश्रय मागणारा’ असतो, अजून ‘निर्वासित’ म्हणून मान्य झालेला नसतो. प्रश्न या मधल्या काळाचा आहे. निर्णय महिन्यात लागला तर काही अडत नाही. पण एक वर्ष, तीन वर्षे, आठ वर्षे गेली तर? तोवर त्या माणसाने काम करायचे की नाही?

माझी एक माजी विद्यार्थिनी आयर्लंडमध्ये नर्स आहे. सुट्टीवर आली की घरी भेटायला येते. तिच्याच तोंडून मी पहिल्यांदा तिथली हकिकत ऐकली. मग मिळेल तिथून वाचत गेले. ती सांगण्यासारखी आहे.

आयर्लंडने एप्रिल २००० मध्ये एक पद्धत सुरू केली. तिला ‘डायरेक्ट प्रोव्हिजन’ म्हणत, म्हणजे गरजेच्या गोष्टी थेट पुरवणे. आश्रय मागणाऱ्याला सरकारने ठरवलेल्या केंद्रात राहायला जागा आणि तीन वेळचे जेवण मिळे. वर हातखर्चाला आठवड्याला मोठ्या माणसामागे १९ युरो १० सेंट आणि मुलामागे ९ युरो ६० सेंट. केंद्रे म्हणजे कुठे जुनी हॉटेले, कुठे वसतिगृहे, कुठे बंद पडलेले कॉन्व्हेंट. मोस्नी या गावी तर समुद्रकाठचा एक जुना हॉलिडे कॅम्पच त्यासाठी घेतला होता. बहुतेक केंद्रे खासगी ठेकेदार चालवत.

ऐकताना आपल्याला वाटेल, यात वाईट काय आहे? डोक्यावर छप्पर आहे, पोटाला अन्न आहे. सुरुवातीला सरकारचाही हिशेब तसाच होता. माणसे सहा महिने राहतील, निर्णय लागेल आणि ती पुढे जातील. पण निर्णय लांबत गेले. सहा महिन्यांची तीन वर्षे झाली, पाच झाली, काहींची त्याहून जास्त झाली. मोठ्या माणसांचे १९ युरो १० सेंट मात्र २०१७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, तेवढेच राहिले. आठवड्याला तेवढ्यात त्या महागड्या देशात बसचे भाडे, फोनचे रिचार्ज, मुलाच्या वह्या, सगळे भागवायचे.

आणि काम? १९९६ च्या निर्वासित कायद्यात स्पष्ट लिहिले होते की अंतिम निर्णय लागेपर्यंत अर्जदाराने नोकरी शोधायची नाही आणि करायचीही नाही. ‘अंतिम निर्णय लागेपर्यंत’ म्हणजे किती दिवस, याला काही मर्यादाच नव्हती.

बऱ्याच केंद्रांत राहणाऱ्यांना स्वतःचे जेवणही करता येत नसे. ठरलेल्या वेळी कँटीनमध्ये रांग लावायची आणि ताटात येईल ते घ्यायचे. जरा डोळ्यांपुढे आणा. त्या केंद्रात जन्मलेल्या मुलाने अम्मीला चुलीपुढे कधी पाहिलेले नाही. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारे आणि संध्याकाळी दमून परत येणारे अब्बू त्याने पाहिलेले नाहीत. हे मूल शाळेत जाते. तिथेही कोणी शिक्षिका ‘माझे वडील’ लिहायला सांगत असेलच. दुसऱ्या ओळीत ते काय लिहील?

मेयो परगण्यात बॅलीहॉनिस नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे हलाल मांसाच्या व्यवसायामुळे मुस्लिम कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि १९८७ मध्ये मशीदही उभी राहिली. काम मिळाले म्हणून माणसे आली, राहिली आणि गावाचा भाग झाली. पुढे त्याच गावातल्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आश्रय मागणाऱ्यांचे केंद्र निघाले. त्या केंद्रातल्या माणसांना मात्र कायद्याने त्याच गावात कामाला हात लावता येत नव्हता.

आता ज्या माणसामुळे हे बदलले त्याच्याबद्दल. निकालपत्रात त्याचे नाव नाही, फक्त आद्याक्षरे आहेत : एन. व्ही. एच. तो म्यानमारमध्ये जन्मलेला. जुलै २००८ मध्ये आयर्लंडला पोचला आणि त्याने आश्रय मागितला. अर्ज नाकारला गेला, तो न्यायालयात गेला, पुन्हा सुनावणी, पुन्हा नकार, असे चालत राहिले. २०१३ मध्ये तो राहत होता त्याच केंद्रात त्याला नोकरी देऊ करण्यात आली. त्याने सरकारकडे परवानगी मागितली. कायद्याने मनाई आहे, असे उत्तर आले.

मग तो या मनाईविरुद्धच न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे साधे होते. रिकामे बसून मी खचत चाललो आहे. मला पैशापेक्षाही काम हवे आहे. तो उच्च न्यायालयात हरला. अपील न्यायालयातही हरला. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे त्याच्या पुरता कामाचा प्रश्न सुटला. तोवर आठ वर्षे होऊन गेली होती. तरी खटला पुढे चालला. ३० मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला.

न्यायमूर्ती ओडॉनेल यांनी लिहिलेला तो निकाल समतोल आहे. परक्या माणसाला आल्या दिवसापासून काम मिळालेच पाहिजे, असे तो म्हणत नाही. देशाला आपल्या सीमांची आणि आपल्या रोजगाराची काळजी करण्याचा अधिकार आहे, काही काळ मनाईही करता येईल, हे तो मान्य करतो. पण काम शोधण्याची मोकळीक माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेली आहे. त्यामुळे ती फक्त नागरिकांचीच, असे म्हणता येणार नाही. निर्णयाला काळाची मर्यादा नाही आणि कामाला मात्र पूर्ण मनाई आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती मनाई घटनेत बसत नाही. हा त्या निकालाचा सारांश.

हे वाचताना मला मदिन्याची ती गोष्ट आठवली, जी आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मक्केहून सगळे सोडून आलेल्या मुहाजिरांची आणि मदिन्याच्या अन्सारांची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भाऊ-भाऊ म्हणून जोडी लावून दिली. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी दौलत हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि विचारले, इथला बाजार कुठे आहे? मग पनीर आणि तूप विकायला त्यांनी सुरुवात केली. ही गोष्ट सांगताना आपण सहसा सअद (रजि.) यांच्या उदारपणावर थांबतो. ते योग्यच आहे. पण पाहुण्याने काय मागितले, तेही मुलांना सांगायला हवे. त्यांना बाजाराचा रस्ता हवा होता आणि मदिन्यात तो त्यांना कोणी बंद केला नव्हता.

आता दुसरी बाजूही पाहू. कारण घरात चर्चा झाली की हे प्रश्न निघतातच.

पहिला प्रश्न : कामाची परवानगी दिली की त्याच आशेने आणखी लोक येणार नाहीत का? ब्रिटनमध्ये हेच कारण सांगितले जाते. तिथे पूर्वी सहा महिने थांबल्यावर काम मागता येत असे. ती सवलत २००२ मध्ये काढून घेतली. आता एक वर्षापेक्षा जास्त थांबलेल्याला अर्ज करता येतो आणि तोही सरकारने ठरवलेल्या यादीतल्या कामांपुरताच. स्वतः जेवण करून राहणाऱ्याला आठवड्याला सुमारे ४९ पौंड मिळतात. पण डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच स्थलांतरविषयक सल्लागार समितीने हे धोरण पुन्हा तपासावे अशी शिफारस केली आणि कामाच्या आशेने लोक येतात याला पुरावा काय, असे विचारले. आपण आपल्याच मनाला विचारून पाहू. घर जळताना माणूस आधी पळतो. कुठल्या देशात किती महिन्यांनी नोकरी मिळते, याचे कोष्टक पाहून पळत नाही.

दुसरा प्रश्न : स्थानिक लोकांच्या नोकऱ्या जाणार नाहीत का? ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. ज्याचे पोट हातावर आहे त्याला ती वाटणारच. पण मनाईमुळे काम करणारे हात नाहीसे होत नाहीत. काही जण नाइलाजाने चोरून काम करतात. मग मालक अर्ध्या मजुरीत राबवून घेतो, कारण हा माणूस तक्रार करायला जाणार नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि शेजारच्या स्थानिक मजुराची मजुरी त्यामुळेच पडते. परवानगी असलेला मजूर किमान वेतन मागू शकतो आणि करही भरतो.

तिसरा प्रश्न जास्त अवघड आहे. शेवटी अर्ज नाकारला गेला तर? तोवर तो माणूस रुळलेला असतो, मुले शाळेत असतात. परत पाठवणे कठीण होते. हे खरे आहे. पण यावर उपाय निर्णय लवकर लावणे हा आहे. निर्णयाला उशीर करायचे सरकारने आणि त्या उशिराची शिक्षा भोगायची अर्जदाराने, हे न्यायाचे नाही.

निकालानंतर आयर्लंडमध्ये काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे, कारण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते ते त्यातून कळते. न्यायालयाने सरकारला कायदा सुधारायला मुदत दिली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये मनाई रद्द झाली आणि त्या जागी आली एक तात्पुरती योजना. नोकरी वर्षाला किमान ३०,००० युरो पगाराची हवी, परवान्याची फी ५०० ते १,००० युरो आणि अनेक व्यवसाय यादीतून वगळलेले. आठवड्याला वीसएक युरो मिळणारा माणूस ही फी कुठून आणणार? दरवाजा उघडला, पण उंबरठा छातीएवढा उंच ठेवला. त्यावर टीका झाली. मग जूनअखेरीस नवे नियम आले. पहिला निर्णय नऊ महिन्यांत लागला नाही आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नसेल तर जवळपास सगळ्या क्षेत्रांत काम करता येईल. २०२१ मध्ये नऊचे सहा महिने झाले.

तरी अडचणी संपल्या नव्हत्या. केंद्रे शहरापासून लांब आणि बस मोजक्या. गाडी चालवावी तर २०२१ संपत येईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नव्हता. पगार जमा व्हायला बँकेत खाते हवे आणि खाते उघडायला लागणारी ओळखपत्रे जवळ नाहीत. परवानगीचा कागद थोड्या मुदतीचा, म्हणून मालक कामावर घ्यायला कचरतो.

आणि जे काम मिळाले ते बऱ्याचदा इतरांना नको असलेले. अनेक जण मांसाच्या कारखान्यांत लागले. २०२० च्या उन्हाळ्यात त्या कारखान्यांमध्ये करोना पसरला. ऑगस्टमध्ये किल्डेअर, लीश आणि ऑफली या तीन परगण्यांत त्यामुळे निर्बंध लावावे लागले. बाधित कामगारांत केंद्रांमध्ये एकेका खोलीत तिघे-चौघे राहणारे लोकही होते. दिवसा कारखान्यात खांद्याला खांदा, रात्री खोलीत खाटेला खाट. म्हणजे नुसती परवानगी पुरत नाही. कामाच्या जागी सुरक्षा आणि राहायला धड जागाही लागते. त्याच काळात केंद्रांतले बरेच जण वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची सेवा करत होते. ज्या देशाने त्यांना अजून आपले म्हटले नव्हते, त्या देशाच्या आई-वडिलांची.

दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट घडली. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि युरोपीय संघाने तिथल्या लोकांना तात्पुरते संरक्षण दिले. आयर्लंडमध्ये आलेल्या युक्रेनी लोकांना लगेच काम करण्याची मुभा मिळाली. एक लाखाहून अधिक लोक त्या छोट्या देशात आले. त्यांना ती मुभा मिळाली हे चांगलेच झाले, त्यांच्याबद्दल मनात आकस धरण्याचे काही कारण नाही. पण त्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली. इच्छा असली की पहिल्या दिवसापासून काम देता येते. मग सुदान किंवा अफगाणिस्तानहून आलेल्याला सहा महिने का थांबायचे, हा प्रश्न उरतो.

माझ्या विद्यार्थिनीबरोबर एका वृद्धाश्रमात अशीच एक बाई मदतनीस म्हणून काम करत होती. आपल्या देशात ती शिक्षिका होती. नऊ महिने थांबून तिला परवानगीचा कागद मिळाला. तो ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवी. पहिला पगार झाला त्या दिवशी तिने सगळ्यांना चहा पाजला. माझी विद्यार्थिनी तिला म्हणाली, “अगं, पैसे जपून ठेव.” ती म्हणाली, “आजपर्यंत सगळ्यांनी मला दिलं. आज मी देतेय.”

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चौदावे कलम आश्रय मागण्याच्या हक्काचे आहे आणि तेविसावे काम करण्याच्या हक्काचे. दोन्ही एकाच कागदावर आहेत. आश्रय मागणाऱ्याला पहिले कलम दाखवायचे आणि दुसरे झाकून ठेवायचे, असे चालू नये. थोडे दिवस थांबायला कोणाची हरकत नसते. पण किती दिवस, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. आणि ते दिवस संपले की त्याचे हात त्याला परत दिले पाहिजेत.

आपण आयर्लंडचा कायदा बदलू शकत नाही. आपल्या घरातली एक गोष्ट मात्र बदलू शकतो. काम गेलेला, परतून आलेला, कागदासाठी अडकलेला माणूस आपल्याकडे असतो. त्याच्या घरी आपण रेशन पोचवतो आणि आपले काम झाले असे समजतो. रेशन द्यावेच. पण त्याला काय येते, हेही विचारावे. जकातीच्या पैशातून एखादे शिलाई मशीन, एखादे वेल्डिंगचे मशीन, एखादी हातगाडी देता येते. मशिदीच्या नळाची दुरुस्ती, शाळेचे बाकडे, मोहल्ल्यातली वायरिंग अशी कामे बाहेरच्याला देण्याआधी त्याला विचारता येते. आणि मजुरी पूर्ण द्यावी, तो गरजू आहे म्हणून कमी नव्हे.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. त्या दिवशी मी त्याला विचारले, “अब्बूंना काय येतं?”

“वेल्डिंग. मोठमोठे गेट बनवतात.”

“मग ते वेल्डर आहेत. काम थांबलंय, हुनर थोडंच गेलंय? लिही.”

त्याने लिहिले. रात्री फोनवर वडिलांना वाचूनही दाखवले. अम्मी सांगत होती, बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते बोलायला लागले. कुठल्या गावात कुठले गेट केले, किती फूट उंच होते, कोणती पट्टी वापरली, असे अर्धा तास. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच.

या वर्षी फेब्रुवारीत ते परत आले. अडकलेल्या पगारातला थोडाच हाती लागला. सध्या नाक्यावरच्या ग्रिलच्या दुकानात रोजावर जातात. मुलगा आता नववीत आहे. परवा वर्गाच्या खिडकीचा गज निखळला होता. तो उठून म्हणाला, “टीचर, माझ्या अब्बूंना सांगू का?”